खापरांचा विदाल

बासिलिया तुर्पो गावकीच्या सभेत उठून उभी राहिली की बाप्ये आपापल्या लोकरी टोप्या कपाळावर ओढून घेत. ऐकायचं नसे म्हणून नव्हे, तिचं बोट आपल्यावर येऊ नये म्हणून. बोटही तसलंच. आयुष्य चिखलात गेलेलं, नख झिजून नुसती कातडी उरलेली, आणि रोखलेलं थेट समोरच्याच्या नाकाकडे. तुझ्या घरचं कुणी माती उपसायला आलं नाही. तू शेणी ओल्या आणल्यास. तू मक्याची चिचा ढोसून झोपलास आणि तुझी पाळी तुझ्या पोटुशी बायकोनं ओढली. असं ती चारचौघांत सुनवायची आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसायचं. म्हणून जास्त राग यायचा.

मला ती कोमाद्रे म्हणायची, कारण माझ्या लेकीची ती धर्ममाय. आम्ही दोघी भांडलो नाही असा मोसम गेला नाही. तरी आज तिच्याबद्दल लिहायचं तर मीच लिहिणार. बाकीचे लिहितील ते खोटं लिहितील.

आमचं तुरुपांपा हे कुंभारांचं गाव. पठारावर, जिथं बटाटासुद्धा जिवावर उदार होऊन उगवतो. इथली चांगली लाल माती टेकडीच्या पोटात आहे आणि तिच्यावर मुरुमाचा जाड थर. एकट्यानं खणायला जावं तर मुरूम अंगावर येतो. माणूसही जातो आणि मातीही. म्हणून सगळ्या घरांनी मिळून वरचा थर उपसायचा, रांगेत उभं राहून पाट्या हातोहात सरकवायच्या, आणि मग लाल माती लागली की ज्याची त्यानं न्यायची. आज तुझ्या कामाला मी, उद्या माझ्या कामाला तू. आम्ही त्याला आय्नी म्हणतो. सावड म्हणा. ज्याला सावड तोडायची आहे त्यानं गाव सोडावं, कारण इथं दुसरं काही नाहीच.

आणि नुसत्या मातीचं काही होत नाही. लाल माती एकटी भाजली की तडकते. तिच्यात ओढ्याची करडी माती लागते, आणि अंग धरायला जुन्या फुटक्या मडक्यांची भरड लागते. रोजच्या भांड्यात कुणाच्याही घरचं खापर चालतं. माणसाच्या मूर्तीत चालत नाही.

मूर्ती म्हणजे कडेवरच्या तान्ह्या पोराएवढी. आतून पोकळ, बसलेली, हात गुडघ्यांवर, डोळे मोठे. ज्याचं प्रेत घरी आलं नाही, त्याच्यासाठीच ती करायची आणि त्याच्या कपड्यांत गुंडाळून पुरायची. तिच्यात गावातल्या प्रत्येक चुलीचं खापर पडलंच पाहिजे. ज्या घराचं पडलं नाही, त्या घराच्या दाराशी मेलेला उभा राहतो आणि आत घ्या म्हणत राहतो. खाली, मेलेल्यांच्या जगात, जात नाही. दुसरा नियम असा की दिलेलं पारखायचं नाही. कुणी काय आणलं ते उलटसुलट करून बघायचं नाही, परत द्यायचं नाही. पूर्वी यावरून डोकी फुटली असणार, त्याशिवाय असा नियम कोण करतं.

नांगराला अजून कधीकधी जुन्या मूर्ती लागतात. इंकांच्याही आधीच्या, असं शिकलेले लोक सांगतात. फुटलेल्या कडेला बोट लावून बघा: लाल, काळे, पिवळट दाणे. एकेक दाणा एकेका घराचा. संग्रहालयात अशीच एक काचेत ठेवलीय आणि खाली पाटी, कारागीर अज्ञात. मी तिथल्या माणसाला विचारलं होतं, अहो, एक कारागीर शोधताच कशाला? तो मला म्हणाला, बाई, काचेला हात लावू नका.

असो. बासिलियाकडे येते.

तिला ही विद्या आईकडून आली. आई गेली तेव्हा ती मूर्तीचा चेहरा उठवू शकणारी गावातली एकटीच उरली. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे गेली. सासरा मातीचा, नवरा एलिओदोरो मातीचा. नवरा छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. पदरात एक मुलगा, विदाल. तिनं त्याला वाढवलं ते बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला मडकी मांडून, आणि प्लॅस्टिकच्या बादल्या आल्यावर मडकी कुणी विचारीना तेव्हा दुसऱ्याची मेंढरं राखून. विदाल चांगला होता. आईसारखा तोंडाळ नव्हता. चिखल तुडवताना गाणी म्हणायचा, भसाड्या आवाजात, आणि पोरी हसायच्या. त्यांतलीच एक नीदा. तिच्याशी त्याचं लग्न झालं, पोर झालं, आणि पोराला दूध हवं म्हणून तो वरच्या बर्फातल्या सोन्याच्या खाणीत गेला. बासिलियानं त्याला अडवलं नाही. अडवून खायला काय घालणार होती?

बोगदा बसला. आत विदाल आणि परगावचे आणखी काहीजण.

आम्ही बाया खाणीच्या तोंडाशी जाऊन बसलो. तिथं श्वासही उसना घ्यावा लागतो एवढं उंच. मी घोषणा दिल्या, रस्ता अडवला, पोलिसाच्या ढालीवर थुंकले. बासिलियानं घोषणा दिली नाही. ती ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीसमोर उभी राहिली आणि माझा मुलगा काढून दे, एवढंच म्हणत राहिली. तो शेवटी बाहेर आला. जाड जाकीट, तोंडात टूथपिक. म्हणाला, "मामाय, कशाला काढायचा? एवढा मोठा डोंगर आहे वर. एवढी कबर राष्ट्राध्यक्षालाही मिळत नाही."

मी दगड उचलला होता. बासिलियानं माझं मनगट धरलं. नंतर म्हणाली, त्याला मारून तू तुरुंगात जाशील आणि माझा पोरगा आतच राहील, कोमाद्रे. चल. गावाला सांगू.

आणि गावाला सांगणं हेच सगळ्यांत अवघड निघालं.

कारण मूर्ती करायला गाव लागतं आणि गाव उरलं होतं कुठं? निम्म्याहून अधिक दारांना कुलपं. माणसं शहरांत, अरेकिपाला, हुलियाकाला. शेवटची मूर्ती झाली तेव्हा मी परकरी पोर होते. तरीही एवारिस्तोनं सभा बोलावली. एवारिस्तो आमच्या गावकीचा अध्यक्ष. भला माणूस, पण नियमाच्या बाबतीत खुंटा. तो म्हणाला, करायची तर रीतसर. कुलूप आहे म्हणजे चूल विझली असं नाही. त्यांच्याकडूनही खापर आलं पाहिजे.

बासिलिया हिंडली. मीही तिच्यासोबत. बसनं, ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसून. अरेकिपाच्या टेकाडावरच्या वस्तीत आमच्या गावची माणसं विटांच्या अर्धवट खोल्यांत राहतात. घरात सगळं जर्मनचं आणि प्लॅस्टिकचं. एकीनं कुंडी फोडून दिली, कारण कुंडी आमच्याच मातीची होती. एकीनं आजीच्या गाडग्याचा कान दिला. तो ती सुईदोरा ठेवायला वापरत होती. देताना रडली. कुणी नाही म्हणालं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. आमची माणसं गरीब आहेत, हलकी नाहीत.

नाही म्हणाला तो गावातलाच. साबिनो. बासिलियाचा धाकटा दीर.

साबिनो नव्या प्रार्थनाघरात जाऊ लागला होता. दारू सोडली, बायकोला मारायचं सोडलं, आणि त्याबरोबर कोकाची पानं, धरणीला चिचा वाहणं, मूर्ती, सगळंच सोडलं. बायकोच्या पाठीवरचे वळ गेले म्हणून मी त्याच्या प्रार्थनाघराला कधी शिव्या दिल्या नाहीत. पण त्या दिवशी दिल्या. तो दारात उभा, आम्ही अंगणात. तो म्हणाला, विदाल माझा पुतण्या आहे वहिनी, मी त्याच्यासाठी रोज गुडघ्यावर असतो. पण मातीच्या बाहुल्यात त्याला शोधू नकोस. मी म्हणाले, तुझा देव खापराच्या एका तुकड्याला घाबरतो का रे? तो म्हणाला, "पुढारीणबाई, तुम्ही मोर्चा सांभाळा. आमच्या घरात मोर्चा नको."

  बासिलियानं अंगणात शाल पसरली आणि खाली बसली. संध्याकाळी उठून घरी गेली, सकाळी परत येऊन बसली. ती मेंढरं राखायला जाईना, जेवायला जाईना. साबिनोची बायको तिला पातळ किनव्याचं सूप आणून द्यायची आणि आत जाऊन रडायची. साबिनो तिला ओलांडून कामाला जायचा आणि ओलांडून घरात यायचा. चार लोक बघत होते. गाव कुणाला काही म्हणालं नाही. नुसतं बघत राहिलं. आमच्याकडे तेवढं पुरतं.

खापरं दळायचा दिवस ठरला होता. साबिनोचं नाही आलं तर मूर्ती नाही, हे एवारिस्तोनं पुन्हा एकदा सांगून ठेवलं होतं. मोठा दगडी पाटा गावाच्या मधोमध आणला. एकेका घरानं यायचं, आपलं खापर सगळ्यांदेखत पाट्यावर टाकायचं, आणि बाया पाळीपाळीनं दळणार. बासिलिया पाट्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. दुपारपर्यंत सगळी घरं झाली. एकच राहिलं. कुणी कुणाकडे बघेना.

आणि साबिनो आला. अंगावर प्रार्थनाघराचा काळा कोट, हातात फडकं. चालताना ओठ हलत होते. बहुतेक त्याच्या देवाची माफी मागत असावा. त्यानं फडकं पाट्यावर मोकळं केलं, मान वर न करता म्हणाला, "आईचं आहे. घरात मातीचं एवढंच होतं." आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

बाया हुंदके देऊ लागल्या. एवारिस्तोनं त्याला मिठी मारली. कित्येक महिन्यांनी साबिनोशी कुणी असं वागलं होतं.

मी पाट्याकडे बघितलं आणि माझे हात थांबले.

खापराच्या आतल्या अंगाला पांढरा थर होता, बोटाएवढा जाड, दगड झालेला. ते चुन्याचं गाडगं होतं. आमच्याकडे किनव्याच्या लापशीत चुन्याची निवळी घालतात. प्रत्येक घरात तो चुना विझवायला एक गाडगं असायचं. हे साबिनोच्या आईचं, म्हणजे बासिलियाच्या सासूचं. बासिलिया नवी नवरी होऊन आली तेव्हा याच गाडग्यातली निवळी घातलेली लापशी तिनं खाल्ली असणार.

मुरलेल्या कुंभाराला चुन्याबद्दल सांगावं लागत नाही. मातीत चुन्याचा खडा गेला की आव्याच्या भट्टीत तो जळतो आणि मुका बसतो. भांडं बाहेर येतं ते देखणं, खणखणीत. मग चुना हवेतला ओलावा पिऊ लागतो, फुगतो, आणि एक दिवस आतून टिचकी मारल्यासारखी खपली उडते. मग दुसरी. मग भांडंच जातं. साबिनोला हे ठाऊक नव्हतं, कारण तो लहानपणापासून ट्रकवर. भट्टीला तो फक्त शेणी वाहायचा. तरण्यांनी चुन्यानं फुटलेलं भांडं कधी पाहिलं नव्हतं, आणि ज्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, त्या एकतर मेल्या होत्या किंवा डोळ्यांनी अधू.

मी तोंड उघडलं. बासिलियानं पाट्याआडून तिची टाच माझ्या पायाच्या बोटांवर रोवली. म्हणाली, "दळ."

मी दळलं.

संध्याकाळी ओढ्याशी आम्ही दोघीच होतो तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, तो पांढरा भाग चाळून काढ, अजून कालवलेलं नाही, कुणाला कळणारसुद्धा नाही. ती म्हणाली, मला कळेल. विदालला कळेल. मी म्हटलं, विदाल मेलाय. ती म्हणाली, म्हणूनच.

मग तिनं मला जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते: "कोमाद्रे, काढलं तर साबिनोचं घर बाहेर पडलं. ठेवलं तर पोर फुटणार. सगळ्यांसमोर सांगितलं, तर साबिनो म्हणेल, मी देवाचं तोंड चुकवून आलो आणि ह्यांनी माझं दिलेलं फेकलं. तो पुन्हा कुणाच्या दारी येणार नाही. सांग, ह्यातलं कुठलं करू? तू शहाणी आहेस. सांग."

 मी पाण्यात दगड मारले.

ती मात्र हरली नव्हती. तिच्याकडे उपाय होते. एक म्हणजे मीठ. कालवायच्या पाण्यात मीठ घातलं तर चुना थोडा दबतो. तिनं दळणानंतरच्या दिवशी गुपचूप मिठाचे खडे विरघळवले. दुसरा म्हणजे मंद आवा. आच फार चढू दिली नाही तर चुना जळतच नाही, दगडासारखा पडून राहतो. मूर्ती थोडी कच्ची राहील, राहू दे. मातीत पुरायचीय, पाणी थोडंच भरायचंय तिच्यात.

चिखल तुडवायला सगळे आले. अरेकिपाहूनही काहीजण आले. थंडीनं पाय निळे पडत होते आणि एकमेकांच्या कमरेला धरून माणसं गोल फिरत होती. कुणीतरी विदालचं गाणं त्याच्याच भसाड्या आवाजात म्हटलं आणि सगळे हसले. बासिलियासुद्धा हसली. साबिनोही कोट काढून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. एवढं गाव मी बऱ्याच वर्षांत एकत्र पाहिलं नव्हतं. मला वाटलं, एखाद वेळ चुनाही लाजेल.

तिनं मूर्ती उठवली. वळीवर वळी चढवत, आतून हातानं थापत. खांदे विदालचे, थोडे पुढे झुकलेले. चेहऱ्याला तिनं फार वेळ लावला. जुन्या मूर्तींचे चेहरे सगळे सारखे असतात, कुणा एकाचा चेहरा नसतो त्यांना. तिनंही तसाच करायचा होता आणि तसाच केला. पण खालचा ओठ तिला लपवता आला नाही. तो विदालचाच आला. मग गारगोटीनं घासून घासून तिनं अंगाला चमक आणली, गेरूचा हात दिला आणि सावलीत वाळत ठेवली.

आव्याचा दिवस. तिनं अदमास करून ठेवला होता: लामाच्या लेंड्या किती, शेणी किती, वर गवत किती. अगदी थोडं. पण मूर्तीचा आवासुद्धा सावडीचाच असतो. प्रत्येक घर आपली टोपली आणतं आणि रचतं, आणि इथंही परत पाठवायचं नसतं. पूर्वी लोक हात राखून आणायचे. त्या दिवशी कुणीच हात राखला नाही. पोरगं बर्फात गाडलं गेलं, त्याला थंडी वाजत असेल, असं म्हणत म्हणत बाया टोपल्या ओतत होत्या. एकीनं सगळ्या हिवाळ्याचं जळण आणलं. साबिनोनं दोन फेऱ्या केल्या. बासिलिया म्हणत होती, पुरे, पुरे गं, एवढं नको. लोकांना वाटलं, भिडेनं म्हणतेय. एवारिस्तो तिला म्हणाला, "आज तरी घे की मामाय. आयुष्यभर आमच्याकडून मागत आलीस, आज न मागता देतोय."



दुपारी पठारावरचा वारा सुटला आणि आवा पांढराफटक झाला. लाल नव्हे, पांढरा, म्हणजे आच नको तेवढी चढली. मी बासिलियाकडे बघितलं. तिनं शाल तोंडावर ओढून घेतली होती. लोकांना वाटलं, धुरानं.

मूर्ती निघाली ती अशी देखणी की म्हाताऱ्यांनीही गुडघे टेकले. बोटानं वाजवली तर घंटेसारखी. तिसरा उपाय होता, तो तिथल्या तिथं करायचा: गरम असतानाच पाण्यात बुडवायची, म्हणजे चुना जागच्या जागी विझतो. पाण्याची घागर हाताशी होती. पण मेलेल्याच्या मूर्तीला पुरेपर्यंत पाणी लावत नाहीत. पाणी लागलं की त्याची वाट तिथंच संपते. सगळं गाव भोवती उभं होतं. बासिलियाचा हात घागरीच्या गळ्यापर्यंत गेलेला मी पाहिला. परत आला तोही पाहिला.

त्याच संध्याकाळी तिनं एवारिस्तोला गाठलं. उद्याच पुरू या म्हणाली. तो म्हणाला, असं कसं? नीदा अरेकिपाच्या शिवणकारखान्यात, तिला सुट्टी मृतांच्या दिवसालाच. बायको आणि पोर नसताना पुरायचं? ती म्हणाली, मी त्याची आई आहे, माझ्यावर सोड. तो म्हणाला, "मामाय, तूच आम्हाला नियम शिकवलेस. खापर सगळ्यांचं, तर माती लोटायलाही सगळे." तिनं विनवण्या केल्या. बासिलिया तुर्पो आणि विनवण्या! एवारिस्तोला वाटलं दुःखानं बाई हळवी झालीय. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी पाठवलं.

ती मूर्तीशेजारी झोपू लागली. तिला मेंढीच्या कातड्यात गुंडाळायची, चुलीच्या वर उबेला ठेवायची, म्हणजे ओल लागू नये. मोसम तर ओलीचाच सुरू होत होता. सकाळी गवतावर दहिवर, दुपारी गारा. पहिली खपली गालावरची उडाली. मसुराएवढी. आत पांढरा ठिपका. तिनं ओल्या मातीनं खड्डा भरला, गेरू लावला. मग खांदा. मग गुडघा. मला बोलावून तिनं दाखवलं आणि विचारलं, कोमाद्रे, तिथवर टिकेल? मी म्हटलं, टिकेल. कुणी विचारलं की मी खोटं बोलत नाही, असा माझा लौकिक आहे.

मृतांच्या दिवशी सकाळी नीदा आली, कडेवर पोर. अंगणात सगळे जमले. विदालची निळी बंडी, टोपी, बाजूला काढून ठेवलेली. बासिलियानं कातड्यात गुंडाळलेली मूर्ती आणली आणि म्हणाली, अशीच बंडी गुंडाळू या, उघडायला नको. नीदा म्हणाली, मला चेहरा बघू द्या, सासूबाई. एकदा. तिला नाही कोण म्हणणार? आणि रीतही तशीच आहे, बायकोनं बघायचं असतं.

उघडली. चेहरा नव्हता. ओठ, नाक, एक डोळा, सगळं खपल्या होऊन कातड्यात पडलेलं, आणि त्या जागी पांढरी भुकटी. पोटाला आडवी चीर गेलेली. नीदानं हात लावला तशी मान निखळली.

 लोक एकेक पाऊल मागे सरले. फुटकी मूर्ती पुरत नाहीत. आणि अशी आपोआप फुटलेली कुणी पाहिलीच नव्हती. एक म्हातारी हळूच म्हणाली की खाणीच्या पोटातला धनी, सोन्याचा तो राखणदार, त्याला सोडत नाहीय. बाकीच्यांनी माना हलवल्या. झालं. आमच्याकडे निकाल असेच लागतात. खाणीनं ज्याला धरून ठेवलंय, त्याच्यासाठी दुसऱ्यांदा खापर मागता येत नाही. मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, दोघांच्या घरावर अरिष्ट येतं.

मी बासिलियाकडे बघत होते. तिनं एक शब्द बोलायचा होता, चुना. तेवढ्यानं तिच्या पोरावरचा डाग जाणार होता. समोर साबिनो उभा होता, काळ्या कोटात, कागदासारखा पांढरा. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तू चांगलंच केलंस रे, आलास ते." आणि तुकडे गोळा करू लागली.

तिचा हिशेब असा की साबिनोचं घर तरी गावात राहील. साबिनोचा हिशेब निराळा. त्याच्या लेखी हे त्याच्याच पापाचं फळ. प्रार्थनाघरात बजावून सांगितलं होतं, तरी त्यानं बाहुल्याला आईचं गाडगं दिलं, आणि देवानं सगळ्यांसमोर बाहुला फोडला. आठवड्याभरात त्यानं एवारिस्तोला कळवलं: आमचं घर यापुढे ना मातीला, ना आव्याला, ना कशाला.

मग मला राहवलं नाही. मी त्याच्या दारात जाऊन त्याला सगळं सांगितलं. चुना, आच, ओल, सगळं. तुझ्या बाहुल्याचं पाप नाही रे, तुझ्या आईच्या लापशीचं आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. इतका शांत की मला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. मग म्हणाला, "घरात मातीचं तेवढं एकच राहिलं होतं. तेच चुन्याचं निघालं. तेच का निघालं, ते सांगा ना, पुढारीणबाई." आणि दार लावून घेतलं.

मी त्याला सांगितल्याचं बासिलियाला कळलं. तिनं भांडण केलं नाही. त्या दिवसापासून ती मला कोमाद्रे म्हणत नाही, नावानं हाक मारते.

फुटलेल्या मूर्तीचे तुकडे गावकीला द्यायचे असतात, पुढच्या भरडीत दळायला. तिनं दिले नाहीत. दिले असते तर पुढचं भांडंही फुटलं असतं, पण हे ती सांगणार कसं? लोक म्हणतात, म्हातारी हट्टी आणि कंजूष झालीय, फुटकं पोर उराशी धरून बसलीय. पुढल्या मोसमात टेकडी उघडायला माणसं पुरली नाहीत. साबिनो नाही म्हटल्यावर आणखी दोन घरांनी हात काढून घेतले. रांगेत एवढ्या जागा रिकाम्या की पाटी एका हातातून दुसऱ्या हातात जाईना, मधे जमिनीवर टेकवावी लागे. दुपारी एवारिस्तोनं थांबा म्हटलं. नीदा मृतांच्या दिवसाला आली नाही. तिनं अरेकिपात दुसरा घरोबा केलाय. मी तिला दोष देत नाही.

मृतांच्या दिवशी आमच्याकडे पावाची बाहुली भाजतात, मेलेल्याच्या कबरीवर ठेवायला. सगळे आपापल्या माणसांच्या कबरीशी बसले होते, जेवण मांडून, चिचा ओतून, रडत आणि हसत. बासिलियाही बाहुली घेऊन आली होती. विदालला कबर नाही. नवऱ्याच्या कबरीवर ती ठेवता येत नाही. ती ज्याची त्यालाच. ती दफनभूमीच्या कुंपणाच्या दगडांवर बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले. तिनं उठवलं नाही, सरकूनही घेतलं नाही. ऊन कलल्यावर लोक उठू लागले तेव्हा तिनं बाहुलीचा पाय मोडला आणि तोंडात टाकला. पाव वाळून कडक झाला होता. ती हळूहळू चावत होती, पाण्याशिवाय. मला तुकडा हवा का, विचारलं नाही.